बाबांचा खांदा, आईचा तोल आणि ३२ मात्रा

ऑकलंड

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज जरा बदलला की माझं पुढचं सगळं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. गणपतीला मी येत नाहीये. तिकीट डिसेंबरचं काढलंय, चांगलं महिनाभराचं. आत्ता आले असते तर आठवड्याचीच रजा, त्यातली निम्मी पाहुण्यांत आणि प्रवासात गेली असती. डिसेंबरात बाबांच्या तपासण्या, आईचं डोळ्याचं, गॅलरीची गळती, सगळं सावकाश होईल. थंडीही असेल, म्हणजे आईला स्वयंपाकघरात माझ्यासाठी घाम गाळावा लागणार नाही. मोदकांचं सुमनमावशीला आधीच सांगून ठेवलंत हे मला कळलं, म्हणजे मनातून तुम्ही धरलंच होतंत. तरी वाईट वाटलं असेल. मलाही वाटतंय.

दुसरं एक ठरवलंय, तेही तुम्हाला न विचारता. रोज सकाळी तुम्ही दोघांनी पोई फिरवायची. बाबा, तुमचा खांदा आता ठणकत नाही, पण उजवा हात वापरायची सवय मोडलीय. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलता. आणि आई, तू आंघोळीनंतर भिंत धरतेस आणि ‘सहज धरली’ म्हणतेस. तुमच्या फिजिओथेरपिस्टशी मी सविस्तर बोलले. त्यांनी दोन अटी घातल्या: खुर्चीत बसूनच करायचं आणि हात छातीच्या वर न्यायचा नाही. खालचं सगळं त्या अटींत बसवलंय.

पोई म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेला हलका गोळा. दोन हातांत दोन. ही न्यूझीलंडच्या माओरी लोकांची कला. इथे कापा हाकाच्या, म्हणजे त्यांच्या समूहगान-नाचाच्या, मेळ्यात बायका ओळीने उभ्या राहून गाणं म्हणत ती फिरवतात. जुन्या पोईचे गोळे राऊपो नावाच्या पाणगवताच्या पानांचे असायचे. गोळा तळहातावर, मनगटावर आपटून त्या ठेका धरतात, म्हणजे फिरवणाराच वाजवणाराही असतो. म्हणून तालाशिवाय शिकवलेली पोई मला अर्धीच वाटते. आई, तू जो पेटत्या गोळ्यांचा व्हिडिओ बघून घाबरलीस, तो फार नंतरचा, वेगळा प्रकार आहे. आपल्याला आगीशी काही देणंघेणं नाही.

ऑकलंड विद्यापीठात निरोगी ज्येष्ठांचे दोन गट करून महिनाभर एकाला पोई आणि दुसऱ्याला ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकवला होता. तोल आणि हाताची पकड दोन्ही गटांत सुधारली. पोईने दुखणी बरी होतात असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण नुसत्या व्यायामाला बाबा चौथ्या दिवशी कंटाळतात आणि केरव्याला, म्हणजे तबल्यावरच्या त्या आठ मात्रांच्या तालाला, कधीच कंटाळत नाहीत, हे मला माहीत आहे.

आता सामान. पिवळ्या ट्रंकेत मंदारचे फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे मोजे आहेत. दोन जोड असतील, प्रत्येकाला एक. प्रत्येक मोज्यात टेनिसचा चेंडू पार बोटांपर्यंत ढकला आणि त्याच्या लगेच वर घट्ट गाठ मारा. चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा असतो, तेवढं वजन पुरे. फार हलका गोळा फिरताना हाताला जाणवत नाही, मग माणूस उगाच जोर लावतो. जड गोळा मनगट ओढतो. क्रिकेटचा चेंडू अजिबात नको, बाबा, घरात आहे म्हणून घालाल. मोज्याच्या वरच्या टोकाला दोन बोटं जातील एवढा फास करा. त्यात तर्जनी आणि मधलं बोट घालायचं, अंगठा वरून टेकवायचा. मूठ आवळायची नाही. आवळलेल्या मुठीत मनगट फिरत नाही, मग खांदा फिरायला लागतो, आणि तोच तर आपल्याला सांभाळायचाय.

फासापासून चेंडूच्या मध्यापर्यंत लांबी ४५ सेंटिमीटर. मोजे ताणले जातात, म्हणून चेंडू लटकवून मोजा आणि आठवड्याने परत मोजा. दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात. आखूड दोरीचा गोळा लवकर फिरून येतो, मग उजवा-डावा एकमेकांना सोडून जातात आणि आपल्याला वाटतं की आपलाच हात चुकतोय.

हात नसलेली खुर्ची घ्या. जेवणाच्या टेबलाची चालेल, प्लास्टिकची नको, सरकते. पाऊलं जमिनीवर पूर्ण टेकलेली, गुडघे जुळवून. कोपरं बरगड्यांजवळ, हात छातीच्या उंचीवर आणि खांद्यांपेक्षा वीतभर बाहेर. ही वीत सोडू नका. ती कमी पडली की गोळा कानाजवळून जातो. बाबा, तुमचा उजवा हात बाहेर तितका वळणार नाही, खांदा आखडला की बाहेर वळणंच सर्वांत जास्त अडतं. ओढून वळवू नका. त्याऐवजी दोन्ही पोई ४० सेंटिमीटरच्या करा. दोन्ही, फक्त उजवी नाही.

सुरुवातीचे काही दिवस एकाच हाताने. गोळा वरून पुढे जातो, समोर खाली येतो, खालून मागे जातो. वर्तुळ बाजूच्या भिंतीला समांतर राहिलं पाहिजे. ते आत कलतं आणि गोळा गुडघ्याला लागतो, कारण कोपर बरगडी सोडून निघालेलं असतं. यावर बघून बघून उपाय होत नाही. बाजूला खरीच भिंत घ्या. गोळा आणि भिंत यांत वीतभर जागा ठेवून बसलं की हात आपोआप सरळ होतो. थांबायचं असेल तेव्हा गोळा समोरून खाली येत असताना हात खाली आणि आत आणायचा, गोळा मांडीवर टेकतो. धप्प असा आवाज येईल. तो आवाज आपल्याला हवाच आहे, खाली सांगते का.

देव्हाऱ्याखालच्या कपाटातलं तबल्याचं यंत्र काढा. केरवा लावा, मिनिटाला ८० मात्रा. एका मात्रेला एक फेरा. बाबा, तुम्ही लगेच ठाय लयीत लावाल, तसं करू नका. ७० च्या खाली गेलं की वर पोचताना गोळ्याला पुरेसा वेग उरत नाही, दोरी सैल पडते आणि गोळा डोक्यावर येतो. इथे सावकाश म्हणजे सोपं नाही. ४० सेंटिमीटर केलीत तर ८५ वर न्या. १०० च्या पुढेही नको, खांदा लगेच भरून येतो.

बांधणी चार आवर्तनांची, ३२ मात्रांची; केरव्याची एक फेरी, आठ मात्रा, म्हणजे एक आवर्तन. पहिल्या आवर्तनात दोन्ही गोळे सोबत. ‘धा गे ना ती’ला चार फेरे, ‘ना के धी’ला तीन, आणि शेवटच्या ‘ना’ला दोन्ही गोळे मांडीवर. धप्प.

दुसऱ्यात आळीपाळीने. उजवा ‘धा’वर सुटतो, डावा ‘धा’ आणि ‘गे’ यांच्या मधल्या अर्ध्या मात्रेवर. उजवा वर असताना डावा खाली. सगळ्यात जास्त अडतं ते इथेच, कारण दोन हातांना एकत्र फिरायची ओढ असते आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात डावा चोरपावलाने उजव्याला येऊन मिळतो. तसं झालं की दुरुस्त करत बसायचं नाही. दोन्ही मांडीवर आणायचे आणि पुढच्या समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट बघायची. त्याआधी पोई बाजूला ठेवून नुसत्या तळहातांनी मांडीवर उजवा-डावा वाजवा, डावा बरोबर दोन मात्रांच्या मध्ये. आई, झिम्म्यात तुझे हात कधी चुकले नाहीत, मंगळागौरीला सगळ्या तुझ्याकडे बघून टाळी घ्यायच्या. तुला हे बाबांच्या आधी येईल. बाबा, रागावू नका.

शेवटी उजवा आठव्या मात्रेला टेकतो आणि डावा तिच्यानंतर अर्ध्या मात्रेने. दोन वेगळे आवाज आले पाहिजेत. एकच आला तर समजा हात कुठेतरी जुळले.

तिसऱ्या आवर्तनात डावा गोळा मांडीवरच राहतो आणि उजवा एकटा इंग्रजी आठ काढतो: एक फेरा उजवीकडे, एक डावीकडे, असे सात फेरे. गोळा वरून पुढे यायला लागला की आधी मनगट पलीकडे जातं, गोळा मागून येतो. उशीर केला तर तो गुडघ्यावर आदळतो. हात छातीच्या उंचीवरून घसरला तरी तेच होतं.  हे आवर्तन बाबांसाठी मुद्दाम घातलंय. या हालचालीत हात अंगासमोरून आडवा जातो, वर जात नाही. आठव्या मात्रेला उजवा मांडीवर.

चौथं आवर्तन तसंच, डाव्या हाताने. फरक एवढाच की आठव्या मात्रेला थांबायचं नाही. आठवी मात्रा पूर्ण फिरवायची आणि पुढच्या समेवर, ‘धा’ला, टेकायचं, दुसरा हात त्याच क्षणी मांडीवर थाप देतो. बाबांना हे सांगायची गरज नाही, आई, तुला सांगतेय. आठवर संपवलं तर ऐकायला अर्धवट लागतं.

आता नीट ऐका. दोघांनी एका वेळी नाही. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने समोर सहा-सात फुटांवर बसून मात्रा म्हणायच्या. पंखा बंद. चष्मा काढून. आई, पाटल्या तू काढणार नाहीस, मला माहीत आहे. त्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांध, नाहीतर फास अडकतो. मंगळसूत्र पदरात. जेवणानंतर दीड तास तरी नाही. पहिला आठवडा पाच मिनिटं, मग सात, दहाच्या पुढे मी सांगेपर्यंत नाही. रक्तदाबाची गोळी वेळेवर. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून टाळायची नाही. चक्कर, छातीत जड, खांद्यात झिणझिण्या यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं, आवर्तन पूर्ण करायचं नाही, आणि मला लपवायचं नाही. स्नायू जरा भरून आले तर ते चालतं. रात्री शेकायची पिशवी आहेच, तिचं झाकण मंदारकडून बदलून घ्या.

आणि आई, उभं राहून करायचा मोह होईल. डिसेंबरपर्यंत नको. मी आले की पाठीमागे भिंत आणि बाजूला मी, असं करू.

रविवारी तुमचे सकाळचे ९ म्हणजे माझे दुपारचे साडेतीन. फोन स्टुलावर ठेवा, कणगीवर नको, तिथून फक्त छत दिसतं. समोरून आधी बाबा बसा, मग बाजूने, म्हणजे वर्तुळ किती कलतंय ते मला दिसेल. दुसरं आवर्तन जमलं नसेल तरी बसा. पहिलं जमलं असेल तेवढंच बघू.

तुमची
चिमी

ता. क. टेनिसचे चेंडू नवे घ्या, दुकानात हाताने दाबून बघून. गच्चीवरचे जुने आतून फुटलेत, त्यांचं वजन सारखं राहिलेलं नसणार.