शनिवारी तीनचा सामना इथे टीव्हीवर दिसत नाही

शेफिल्ड,
जानेवारीअखेर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही आणि आम्ही दोघी नुसत्याच हाका मारत राहतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. माझी तब्येत उत्तम आहे. खोकला पूर्ण गेला. थंडी आहे, पण खोलीत हीटर आहे आणि आईने विणलेला स्वेटर कोटाच्या आत रोज असतो. संक्रांतीच्या वड्या पोचल्या, घरातल्या सगळ्या मुलींना वाटल्या.

वर्गातलं रोजचं फोनवर सांगतेच, ते परत लिहीत नाही. बाबांना मात्र एक सांगायचंय. इथे पत्रकारितेच्या परीक्षेला अजूनही शॉर्टहँड आहे. तुमची पद्धत पिटमन, आमची टीलाइन. मिनिटाला शंभर शब्दांची परीक्षा असते. इंग्लंडमधल्या कोर्टात परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही, म्हणून ही विद्या टिकून आहे. जिल्हा परिषदेतून आल्यावर तुम्ही पेन्सिलीला टोक काढत बसायचात, तशी मी रात्री बसते. पावसात बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही, पेन्सिल उमटते, हे मैदानावर गेल्यावर कळलं.

आता सोन्याने विचारलेला प्रश्न. तो विचारतो, ताई इंग्लंडमध्ये असून शनिवारचे सामने बघत का नाही? अरे, इथे दिसतच नाहीत! शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉलचा एकही सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. तू कराडात रात्री साडेआठला जो तीनचा सामना बघतोस, तो ज्या गावात चाललाय त्याच गावातल्या माणसाला घरी बसून दिसत नाही. मला आधी खरंच वाटेना. हे साठच्या दशकापासूनचं आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी बाकीच्या क्लबांना पटवून दिलं, की मोठे सामने घरबसल्या दिसले तर लहान क्लबांचं तिकीट कोणी काढणार नाही. मग लोक काय करतात? टीव्हीवर एक कार्यक्रम लावतात. त्यात जुने खेळाडू ओळीने बसलेले असतात, त्यांच्यासमोर सामन्यांचे पडदे असतात, आणि आपल्याला दिसतात फक्त त्यांचे चेहरे. एकजण ओरडतो, सगळा देश दचकतो, आणि मग तो सांगतो कुठे गोल झाला ते. तासन्‌तास लोक हे बघतात. पाच वाजता बीबीसी रेडिओवर 'स्पोर्ट्स रिपोर्ट' लागतो, तो तर 1948 पासून चालू आहे. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन नावाचे गृहस्थ त्यात चाळीसेक वर्षं निकाल वाचायचे. दुसऱ्या संघाचं नाव ते अशा सुरात घ्यायचे की आकडा ऐकण्याआधीच कोण जिंकलं ते कळायचं. त्यांची जुनी ध्वनिफीत वर्गात ऐकवली तेव्हा बाबा, तुम्ही ज्यांची नक्कल करता ते बाळ ज. पंडित आठवले. इथे सगळ्यांना सांगितलं, की आमच्याकडे मराठीतून क्रिकेट असं सांगायचे की ट्रान्झिस्टरवर मैदान दिसायचं.

म्हणून माझा शनिवार मैदानावर जातो. सँडीगेट म्हणून हॅलम क्लबचं मैदान आहे, फुटबॉलचं जगातलं सर्वांत जुनं म्हणतात. 1860 साली शेफिल्ड क्लबाशी तिथे पहिला सामना झाला. मैदान चक्क उतरणीला आहे, एका कोपऱ्यातून चेंडू आपोआप घरंगळतो. शिट्टी वाजली की बातमी गेली पाहिजे, म्हणून मध्यंतरापर्यंत निम्मी लिहून ठेवायची, शेवटच्या दहा मिनिटांत बाकीची, आणि निकाल लागताच वरचा परिच्छेद. शेवटच्या मिनिटाला गोल झाला तर सगळं उलटंपालटं. मला हे फार आवडतं, बाबा. इतकं आवडतं की थंडी वाजत नाही.

आत्याने दिवाळीत विचारलं होतं, खेळाच्या बातम्या लिहायला एवढं शिकायचं काय. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, आता सांगते. आमच्या ट्रामच्या रस्त्यावर हिल्सबरो स्टेडियम आहे. 15 एप्रिल 1989 ला तिथे लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूचे जाळीबंद कप्पे आधीच खच्चून भरलेले असताना पोलिसांनी बाहेरचं दार उघडलं. मागून लोंढा आत आला आणि पुढचे चिरडले. 97 माणसं गेली, त्यातलं शेवटचं 2021 मध्ये, बत्तीस वर्षं जखमा सोसून. अपघातानंतर चार दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर 'हेच सत्य' म्हणून छापलं, की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले. ते खोटं होतं. प्रेक्षकांची काही चूक नव्हती, हे चौकशीत ज्यूरीने सांगायला 2016 उजाडलं. लिव्हरपुलात आजही कितीतरी दुकानांत तो पेपर ठेवत नाहीत. स्मारकावरच्या नावांपुढे वयं लिहिली आहेत, सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा. आपल्या सोन्यापेक्षा लहान. खेळाच्या पानावर, पहिल्या पानावर, कुठेही लिहा, पण विचारून, तपासून लिहा, एवढंच आम्हाला इथे शिकवतात, आणि त्याला वर्ष पुरत नाही.

आई, रात्री एकटी फिरते असं तुला कोणी सांगितलं माहीत नाही. सामने बहुतेक दुपारी असतात, रात्रीचा असला तर वर्गातल्या दोघी बरोबर असतात, ट्राम घरापाशी थांबते. आणि हे मुलींचं काम नाही, असं मामी म्हणाल्या असतील तर त्यांना सांग की इंग्लंडमध्ये 1920 साली बायकांच्या एका सामन्याला त्रेपन्न हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इथल्या फुटबॉल संघटनेने बायकांना मैदानं बंद केली, ती पन्नास वर्षं. आता त्यांचेच सामने लिहायला आम्हाला पाठवतात.

बाबा, तुम्ही पाठवलेले गोळेश्वरचे राज्य क्रीडा दिनाचे फोटो मिळाले. आपल्या गावचा खेळाडू यावर लेख लिहायचा होता, मी कुस्तीगीर खाशाबा जाधवांवर लिहिला. 1948 च्या ऑलिंपिकला इथेच लंडनमध्ये सहावे आले, 1952 ला हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, आणि त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण ठेवलं. वर्गात कोणाला हे माहीत नव्हतं, सरांनी दोनदा वाचून घेतलं. ते वाक्य लिहिताना आपल्या घराचे कागद बँकेत आहेत, तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. सही करताना तुम्ही काही बोलला नव्हतात.

पैशाचं. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर सुरू होतील, त्याची काळजी आत्ता करू नका. व्हिसाच्या नियमाने टर्म चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, तेवढं मी दुकानात करते. अभ्यास बुडत नाही. खर्च भागून थोडं उरतं.

ताईच्या लग्नाला मे महिन्यात येणं होत नाही. तिकीट परवडणार नाही असं नाही, पण प्रबंध त्याच वेळी आहे. काकांना मी स्वतः फोन करीन, तुम्ही माझ्या वतीने कारणं देऊ नका. मामींनी आणलेलं लेस्टरचं स्थळ चांगलंच असेल, पण सप्टेंबरपर्यंत कोणाला शब्द देऊ नका. मी नाही म्हणत नाही. नोकरीचं आधी कळू दे, मग मी स्वतः बोलेन.

आई, पुढच्या आठवड्यात बाबांच्या खात्यावर पैसे येतील. ते घरात घालू नका, छपराचंही नंतर बघू. आधी तुझ्या पाटल्या सोडवून आणा. लग्नात तू त्या घालून उभी असलीस की मला तसा फोटो पाठव.

तुमची,
मनू

ता. क. : बँकेला माझं हजेरीचं पत्र लागतं का ते बाबांनी विचारून कळवावं. इथून मिळायला वेळ लागतो.