हंगामाचे नियम प्राण्यांच्या अवस्थेवरून ठरावेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ज्या दिवसांत प्राण्यांची वीण किंवा स्थलांतर सुरू असते, नेमक्या त्याच दिवसांत नद्यांच्या काठी आणि समुद्रकिनाऱ्यांवर पक्षिनिरीक्षकांची आणि हौसेने गळ टाकणाऱ्यांची गर्दी होते. यात त्यांचा दोष नाही. प्राणी एका जागी एवढ्या संख्येने दिसतात ते तेव्हाच. परंतु त्यांची ताकद सर्वाधिक पणाला लागते तीही याच काळात, म्हणून मासेमारीचे आणि निसर्गपर्यटनाचे नियम निव्वळ तारखांवर न बेतता प्राण्यांच्या त्या वेळच्या अवस्थेवर बेतावेत, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेलावेअर उपसागरात मे महिन्यात रेड नॉट पक्षी उतरतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून उत्तर ध्रुवीय प्रदेशाकडे निघालेले हे पक्षी तेथे हॉर्सशू क्रॅब या कवचधारी समुद्री प्राण्याची अंडी खाऊन सुमारे दोन आठवड्यांत आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात. माणसांच्या चाहुलीने थवा वारंवार उडत राहिला, तर खाण्याचा वेळ तर जातोच, शिवाय साठवलेली चरबीही खर्च होते आणि अशा पक्ष्याची पुढची वीण धोक्यात येते. म्हणून न्यू जर्सी राज्य त्या काळात किनाऱ्याचे काही पट्टे बंद ठेवते. यात निरीक्षकांचे नुकसान नाही. न बिचकलेला थवा दुरूनही अधिक वेळ पाहता येतो.

मासा पकडून परत सोडला म्हणजे त्याला काही इजा झाली नाही, हा समजही तपासायला हवा. पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो आणि गळाशी झुंजून थकलेला ट्राउट अशा पाण्यात सोडल्यावरही दगावू शकतो. अमेरिकेतीलच मोंटाना राज्यात नदीच्या पाण्याचे तापमान सलग ३ दिवस ७३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सियसपर्यंत गेले, की दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी थांबवता येते. या नियमाचा आधार तारीख नसून पाणी आहे, ही गोष्ट मला सर्वांत अनुकरणीय वाटते. मासा ओल्या हाताने धरणे आणि उलटा काटा नसलेला गळ वापरणे, एवढे तर प्रत्येकाला नियमाविनाही करता येईल.

साधनांबाबतही कठोर व्हावेच लागते. गळाला लावलेली शिशाची वजने गिळून हंस विषबाधेने मरत असल्यामुळे इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८७ साली अशा बहुतेक वजनांवर बंदी आली आणि त्यानंतर हंसांची संख्या सावरली.

परवाने देणाऱ्या यंत्रणांनी परवान्यासोबत त्या पट्ट्यातील विणीचा व स्थलांतराचा काळ, निरीक्षणाच्या जागा आणि पाण्याच्या तापमानाची मर्यादा छापून द्यावी. पक्ष्यांच्या पायांत व पंखांत अडकणारी नायलॉनची तुटकी दोरी टाकण्यासाठी काठावर बंद पेट्या ठेवाव्यात आणि त्या वेळच्या वेळी रिकाम्या करण्याची जबाबदारीही कोणावर तरी नेमून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निसर्गप्रेमी वाचक