अंतर्गत लाटांना 'पाण्याखालची त्सुनामी' म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राच्या पोटात उठणाऱ्या अंतर्गत लाटांचा विषय बातम्यांत निघाला की 'पाण्याखालची त्सुनामी' हा शब्द हटकून वाचायला मिळतो. 21 एप्रिल 2021 रोजी बालीच्या उत्तरेला इंडोनेशियाची 'नांगाला' ही पाणबुडी 53 जणांसह बुडाली आणि तिथल्या नौदल अधिकाऱ्यांनी अंतर्गत लाटेची शक्यता बोलून दाखवली, त्या वेळीही तो माझ्या वाचनात आला. हा शब्द दिशाभूल करणारा आहे, म्हणून हे पत्र. त्सुनामी क्वचित आणि अवचित येते. या लाटा मात्र बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीच्या तालावर, सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने येत राहतात, उधाणाला जोर धरतात आणि भांगाच्या दिवसांत मंदावतात.

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली. अंदमान समुद्रातून मलाक्का सामुद्रधुनीकडे जाताना एका पहाटे, वारा अजिबात नसताना, रडारवर आडवी उजळ पट्टी दिसली. पावसाची सर असेल असे वाटले, पण आकाश निरभ्र होते. पट्टीत शिरलो तेव्हा भोवतालचे पाणी आधणासारखे उसळत होते, हातभर उंचीच्या लाटा जागच्या जागी फुटत होत्या आणि त्यांचा सळसळाट ब्रिजपर्यंत, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंचावरच्या खोलीपर्यंत, ऐकू येत होता. काही मिनिटांत पुन्हा तेलासारखे गुळगुळीत पाणी लागले, आणि थोड्या वेळाने पुढची पट्टी आली. ते होते काय, हे मला फार उशिरा कळले. आमच्या प्रशिक्षणात हा विषयच नव्हता.

वरचे कोमट, हलके पाणी आणि खालचे थंड, जड पाणी यांच्या घनतेत हजारी काही भागांचाच फरक असतो. त्यामुळे त्यांच्यामधली सीमा फार थोड्या शक्तीने वरखाली होते. निकोबार आणि सुमात्रा यांच्या दरम्यानच्या बुडालेल्या डोंगररांगेवरून भरतीचे पाणी ये-जा करते, तेव्हा ही सीमा हेलावते आणि लाटा पूर्वेकडे निघतात. ऑस्बोर्न आणि बर्च या संशोधकांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदमानातील निरीक्षणांत सुमारे 60 मीटर उंचीच्या अंतर्गत लाटांची नोंद आहे. एवढी लाट खालून जाताना पृष्ठभागाची पातळी जेमतेम बदलते. वर दिसतात त्या केवळ खळबळीच्या पट्ट्या.

खोल समुद्रात वरचा थर पातळ आणि खालचा जाड असल्यामुळे ही लाट उंचवट्याची नसून खळग्याची असते, म्हणजे सीमा खाली दबलेली असते. समुद्रतळ चढू लागला की खालचा थर आटत जातो. खळग्याचा सर्वांत खालचा भाग तळाच्या सर्वांत जवळ असल्याने तो अधिक मंदावतो. पुढची बाजू पसरून जवळजवळ उताराला समांतर होते, तर मागची बाजू त्याला गाठत येऊन उभी होत जाते. उतार तीव्र असेल तर लाट तिथेच फुटते आणि तळाचा गाळ ढवळून काढते. उतार मंद असेल तर त्याहून विलक्षण गोष्ट घडते. दोन्ही थर सारख्या जाडीचे होतात त्या जागी, म्हणजे वरचा थर 50 मीटरचा असेल तर साधारण 100 मीटर खोलीवर, खळगा टिकू शकत नाही आणि त्याच्या उभ्या झालेल्या मागच्या बाजूतूनच उंचवट्यांची एक रांग तयार होऊन किनाऱ्याकडे निघते.

लाट अशी पालटली की प्रवाहही पालटतात. खळग्याच्या लाटेत वरचे पाणी लाटेच्या दिशेने आणि तळाचे उलट दिशेने वाहते. उंचवट्याच्या लाटेत तळाचे पाणी लाटेबरोबर किनाऱ्याकडे येते आणि वरचे मागे जाते. तेलविहिरीच्या उभ्या नळावर एकाच वेळी वर एका बाजूने आणि खाली दुसऱ्या बाजूने रेटा पडतो, तो यामुळेच. तैवान आणि फिलिपिन्स यांच्यामधल्या लुझॉन सामुद्रधुनीतून निघणाऱ्या लाटांची उंची 200 मीटरच्याही पुढे जाते, आणि त्या जिथे चढतात त्या दक्षिण चीन समुद्राच्या उतारावर पंधरा मीटरहून उंच वाळूचे ढिगारे आढळले आहेत. उलट थायलंडच्या सिमिलान बेटांच्या पश्चिम अंगाला याच अंदमानी लाटा थंड पाणी वर आणतात, आणि 2010 च्या उष्ण वर्षात तिथल्या प्रवाळांना त्याचा आधार मिळाला.

आता आपल्या अंदमानात तेल आणि वायूसाठी खोदकाम सुरू आहे, आणि जहाजांवर व रिगवर आपल्या कोकणातली मुले मोठ्या संख्येने आहेत. वरच्या थराची जाडी मोसमागणिक बदलते, त्यामुळे लाट पालटण्याची जागाही उतारावर वरखाली सरकते. तेव्हा एकदाच केलेले मोजमाप पुरणार नाही. खोदकामाच्या प्रत्येक जागी किमान वर्षभर वेगवेगळ्या खोलींवर तापमान आणि प्रवाह मोजले जावेत, आणि पट्टी केव्हा येईल याचा अंदाज भरतीच्या कोष्टकाप्रमाणे ब्रिजवरच्या माणसाच्या हाती पडावा, अशी मागणी आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी, रत्नागिरी