विज्ञानाच्या पुस्तकात एक पान 'अजून माहीत नाही'साठी

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी नागपूरला नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या हिवाळ्यात मुलांना गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण दाखवायला नेले होते. परतताना बसमध्ये एका मुलीने विचारले, "मॅडम, कृष्णविवरात पडलं तर दुसरीकडून निघता येते का?" मी म्हणाले, "परीक्षेला नाही ते." ती गप्प बसली. माझे ते उत्तर मला अजून टोचते.

तिला सांगायला हवे होते की आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी १९३५ साली असा एक पूल गणितात मांडला. पुढे १९६२ मध्ये गणितानेच दाखवले, की प्रकाश पलीकडे पोचायच्या आत तो पूल मिटतो. उघडा ठेवायचा तर ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जेचे द्रव्य हवे, आणि तसे द्रव्य कुणाला सापडलेले नाही. म्हणजे आज तरी 'नाही'. नववीच्या मुलीला हा 'आज तरी' नीट कळतो, मंत्रिमहोदय.

ज्यांच्या नावाचे ते केंद्र आहे, ते रमण काही काळ याच शहरात सरकारी लेखा खात्यात नोकरीला होते. त्यांचे पुतणे चंद्रशेखर १९३० साली बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा १९ वर्षांचे होते. एका मर्यादेपेक्षा जड श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेला तारा, स्वतःच्या भाराखाली तग धरू शकत नाही, हे गणित त्यांनी त्या प्रवासात केले. १९३५ मध्ये ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी ते भर सभेत उडवून लावले. पण कृष्णविवराकडे जाणारी वाट याच गणितातून निघते. २०१९ साली एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा साऱ्या जगाने पाहिली.

गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांची, गोष्ट तर मला याहून मोलाची वाटते. आइन्स्टाइननी त्यांचे भाकीत १९१६ मध्ये केले आणि १९३६ मध्ये त्या नसतातच असा निबंध स्वतःच लिहिला! त्यातली चूक सापडली, त्यांनी ती सुधारली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांनी ती लहर टिपली. भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही फारसा मोठा नव्हता. आता तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे काम करतील ती मुले आज आमच्या बाकांवर आहेत.

माझे मागणे लहान आहे. पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्याशेवटी एक पान द्या, त्यावर तीन ओळी: प्रश्न कोणता, तो कुणी मांडला, आणि कोणत्या मोजमापाने तो खरा किंवा खोटा ठरेल. मोबाइलवर मुले परग्रहवासीयांबद्दल वाट्टेल ते ऐकतात. तर्क आणि थाप यांतला फरक त्यांना तिसऱ्या ओळीने कळेल. या पानावर गुण मात्र ठेवू नका. गुण आले की गाइड येते, आणि गाइडमध्ये प्रश्न मरतो.

त्या मुलीला मी नंतर बोलावून सगळे सांगितले. तिने लगेच विचारले, "मग ऋण ऊर्जा मोजतात कशी?" मी आता तेच वाचते आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, नागपूर