आमच्या गल्लीतल्या आशा सेविका ताईंना जाहीर थँक्यू

ताई, तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, गोळी घेतली का" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं लिहून टाकतेय, सगळ्यांना वाचू दे.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात युनिफॉर्मची शिलाई घरोघरी चालते, शाळा उघडायच्या आधी तर मशीन थांबतच नाही, त्यामुळं बाई दमली ह्यात कोणाला काही नवीन वाटत नाही. पण मला जिना चढला की धाप लागायची, डोकं जड, केसांचा गुंता हातात यायचा, आणि पाळी आली की आठवडा उलटला तरी थांबायची नाही. घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं, सगळ्याच बायका दमतात, आम्ही नाही का दमलो? दमल्याच असतील ओ, त्यांचं तरी कोणी तपासलं होतं?

तुम्ही सेल्फ-केअरवर भाषण नाही दिलं. तसली भाषणं मोबाईलवर रोज येतात, फेशियल करा, कॉफी घेऊन खिडकीत बसा, स्वतःवर प्रेम करा. इकडं कॉलर लावायच्या राहिल्यात गठ्ठाभर, कसलं प्रेम. तुम्ही एवढंच म्हणालात, चला, बोटाला टोचून बघू. रक्तातलं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. मग मला विचारून तुम्ही तो कागद सासूबाई आणि ह्यांच्यासमोर मोठ्यानं वाचला, बाईचं कमीत कमी १२ पाहिजे, हिचं एवढं आहे, ८ च्या खाली गेलं की तीव्र ॲनिमिया म्हणतात. बास. इतके दिवस "मला बरं वाटत नाही" म्हणून जे झालं नाही ते एका आकड्यानं झालं, कारण थकव्यावर घरात वाद घालता येतो, रिपोर्टवर काय घालणार.

आणि नुसत्या गोळ्या देऊन मोकळ्या झाला नाहीत. रक्त जातंय कुठं ते आधी बघा म्हणून पाळीसाठी डॉक्टर बाईंकडं पाठवलं. लोहाची गोळी चहासोबत नको, दुधासोबत नको, मध्ये तास-दोन तास जाऊ दे, लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणजे अंगी लागते, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, आणि १२ झालं म्हणून लगेच बंद पण करायची नाही, अंगातला साठा भरायला अजून काही महिने लागतात, हे सगळं तुम्ही मशीनशेजारी उभं राहून सांगितलंत. मशीनवर बसलं की चहावर चहा चालतो आमच्याकडं, तो कमी करणं मला गोळीपेक्षा अवघड गेलं, खोटं कशाला बोलू.

आता सगळ्यांबरोबरच जेवायला बसते, भाकरी गरम असताना. शेवटी उरलेलं खाणं बंद. सासूबाई अजून भांडी जरा जोरात ठेवतात, ठेवू दे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे आमच्या कट्ट्यावर दहा जणी बसल्या तर पाच-सहा तशाच असणार. २०२२ च्या नवरात्रात सरकारनं बायकांच्या तपासणीची मोहीम काढली, नाव काय तर 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. म्हणजे तिथं पण बाई कशासाठी, तर घरासाठी! तुम्ही मात्र म्हणाला होता, घराचं राहू द्या, तुम्हाला काय होतंय ते बोला. असं मला ह्या घरात आल्यापासून कोणी विचारलं नव्हतं.

एक विचारायचंच राहिलं. सोलापूरच्या उन्हात दारोदार फिरता, पगार नाही, मानधन, ते पण कधी येईल तेव्हा, तर तुमचं स्वतःचं शेवटचं कधी तपासलं ओ? पुढच्या कॅम्पला यादीत पहिलं नाव तुमचं लिहा. आमच्या घरून आम्ही दोघी येतोय, सासूबाई पण, त्यांना मी अजून सांगितलं नाही एवढंच.