स्विस पास : किमतीआधी नकाशा पाहावा

महोदय,

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीतील स्वित्झर्लंडच्या छोट्या सहलीविषयीचा लेख वाचला. सरसकट ‘स्विस ट्रॅव्हल पास’ घ्यावा, म्हणजे तिकिटांची कटकट मिटते, असा सल्ला त्यात दिला आहे. झुरिक, जिनिव्हा, लुगानो असा अख्खा देश पालथा घालणाऱ्याला तो लागू पडेल. परंतु चार-पाच दिवस एकाच खोऱ्यात मुक्काम ठोकून आसपासची शिखरे पाहणाऱ्यांना तो बहुधा महागात पडतो, आणि त्याचे कारण हा पास नेमका कुठे संपतो, यात दडलेले आहे.

हा पास रेल्वे, बस, सरोवरांतील बोटी, शहरांतील ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालये यांना चालतो, हे खरेच. मात्र आल्प्समधला मोठा खर्च सपाटीवर होत नाही, तो चढावर होतो. इंटरलाकेनहून ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखला निघालो, तर या पासवर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत जाता येते. तिथून वर केवळ २५ टक्के सवलत मिळते. आम्ही हे ग्रिंडेलवाल्डच्या तिकीट खिडकीपाशी शिकलो. पास दाखवून सरळ आत शिरण्याच्या तयारीत असताना, खिडकीतल्या बाईंनी नकाशा उलगडला आणि पास पूर्ण चालतो ती ठळक रेघ कुठे संपते व केवळ सवलत मिळते ती तुटक रेघ कुठून सुरू होते, ते पेन्सिलीच्या टोकाने शांतपणे दाखवले. तो नकाशा आम्हालाही आधीपासून उपलब्ध होता. आम्ही तो पाहिला नव्हता, एवढेच.

गंमत अशी की, ‘स्विस हाफ फेअर कार्ड’ हे या पासपेक्षा पुष्कळ स्वस्त कार्ड त्याच युंगफ्राउयोखच्या तिकिटावर ५० टक्के सवलत देते. ते महिनाभर चालते आणि त्यात सलग दिवसांचे बंधन नसते. डोंगरात या मोकळिकीचे मोल फार आहे. याउलट, एकाच प्रदेशात चालणारे प्रादेशिक पास हे सलग दिवसांचे असतात; तीन दिवसांचा पास घेतला आणि त्यांतले दोन दिवस शिखर ढगात बुडालेले राहिले, तर ते पैसे गेलेच. पर्वतीय रेल्वेच्या खिडक्यांजवळ शिखरावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पडद्यावर दिसते. त्यावर नुसते पांढरे धुके दिसत असूनही पास वसूल करायचा म्हणून वर जाणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि एका सकाळी त्यांत आम्हीही होतो.

तरीही प्रादेशिक पास वाईट, असे माझे म्हणणे नाही. इंटरलाकेनला राहून शिनिगे प्लाट्टे, नीझेन, ब्रिएन्झर रोटहॉर्न अशी रोज एक चढाई आणि संध्याकाळी थून किंवा ब्रिएन्झ सरोवरातील बोट असा बेत असेल, तर तीन दिवसांपासून मिळणारा ‘बर्नर ओबरलँड पास’ सरस ठरतो. हाफ फेअर कार्ड असल्यास तो कमी दरात मिळतो आणि बर्न व लुत्सर्नपर्यंतची रेल्वेही त्यात येते. लुत्सर्नला मुक्काम असेल, तर दोन दिवसांपासून मिळणारा ‘टेल पास’ पाहावा, कारण पिलाटुस, टिटलिस आणि रिगी ही तिन्ही शिखरे त्यात आहेत. फक्त रिगी पाहायची असेल, तर मात्र स्विस ट्रॅव्हल पासही तिथे पूर्ण चालतो, हे मान्य करायला हवे. झुरिक विमानतळाहून लुत्सर्नला जाण्याचे तिकीट टेल पासमध्ये धरलेले नसते, ते हिशेबात वेगळे मिळवावे. शिवाय ऋतूही पाहावा : शिनिगे प्लाट्टेची गाडी आणि रोटहॉर्नची वाफेची गाडी हिवाळ्यात बंद असते. पिलाटुसची १८८९ सालची दंतचक्री रेल्वेही तेव्हा धावत नाही, केबल कारने जावे लागते.

लेखातील आणखी एक विधान दुरुस्त व्हावे, अशी विनंती आहे. ‘मुलांना प्रवास मोफत’ असे त्यात म्हटले आहे. सहा वर्षे पूर्ण झालेल्या आणि सोळा वर्षांखालील मुलांना ही सोय ‘स्विस फॅमिली कार्ड’मुळे मिळते. स्विस ट्रॅव्हल पास किंवा हाफ फेअर कार्डासोबत ते विनामूल्य दिले जाते खरे, पण मुलासोबत आई किंवा वडील प्रवास करत असतील तरच ते चालते. नातवंडांना घेऊन निघालेल्या आजी-आजोबांनी ते वाक्य वाचून बेत आखला, तर नातवंडांच्या तिकिटांचा खर्च त्यांना ऐनवेळी समोर दिसेल.

आपला,
एक नियमित वाचक