नाकातल्या अळ्या वेगळ्या, जखमेतल्या वेगळ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हरणाच्या नाकातून अळ्या पडतायत तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय आणि त्यावरची तुमची बातमीही वाचली. हेडिंग काय, तर 'हरणांना जिवंत खाणारे किडे'. फोटो नेझल बॉट फ्लाय या नाकात अळ्या सोडणाऱ्या माशीच्या अळ्यांचा आणि खालचा मजकूर मात्र स्क्रूवर्म या जखमेत अंडी घालणाऱ्या माशीचा! दोन वेगळ्या माश्यांची सरमिसळ झालीये, आणि ती दुरुस्त व्हायला हवी, कारण एकीत घाबरण्यासारखं फारसं काही नाही आणि दुसरीत एक दिवससुद्धा वाया घालवून चालत नाही.

आधी फोटोतली. ही बॉट फ्लाय दिसायला केसाळ भुंग्यासारखी, मोठी झाल्यावर काही खातच नाही, तिला खाण्यालायक तोंडच नसतं. मादी अंडी न घालता हरणाच्या नाकपुडीशी घिरट्या घालते आणि उडता उडताच बारीक जिवंत अळ्यांचा फवारा मारून जाते. म्हणून हरणं अचानक डोकं झटकतात, नाक जमिनीला घासतात, शिंकत सुटतात. अळ्या नाकातून आत सरकत घशाच्या मागच्या खोबणीत जाऊन बसतात, तिथेच वाढतात, अडीच-तीन सेंटिमीटरच्या होतात, आणि पूर्ण वाढल्या की शिंकेबरोबर बाहेर पडून मातीत कोष करतात. बघायला किळसवाणं आहे, नाही म्हणत नाही. पण धडधाकट हरीण सहसा याने मरत नाही, फारच जास्त झाल्या किंवा जनावर आधीच अशक्त असेल तर मात्र त्रास होतो. मांसात त्या शिरत नाहीत, त्यामुळे मांस विषारी झालं वगैरे जे कमेंट्समध्ये चाललंय ते सोडून द्या.

(या माशीबद्दल अफवा आजच्या नाहीत. टाऊनसेंड नावाच्या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने १९२०च्या दशकात ही ताशी ८०० मैलांच्या वर उडते असं चक्क लिहून ठेवलं होतं, म्हणजे आवाजापेक्षा जोरात, आणि लोकांनी ते वर्षानुवर्षं खरं मानलं. शेवटी १९३८ मध्ये नोबेलवाल्या लँगम्युर या शास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की खरा वेग ताशी २५ मैलांच्या आसपास असणार.)

आता स्क्रूवर्म. ही नाकात फवारा मारत बसत नाही, उघडी जखम शोधते. शिंगांच्या मारामारीतली चीर, गोचीड चावलेली जागा, नुकत्या जन्मलेल्या पाडसाची ओली नाळ, काहीही चालतं. तिथे एका वेळी दोनशे-तीनशे अंडी घालते, दिवसभरात अळ्या निघतात आणि ताजं, जिवंत मांस पोखरत आत जातात. जखम मोठी होत जाते, घाण वास सुटतो, त्या वासाने आणखी माश्या येतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवरच्या छोट्या की डिअर हरणांमध्ये हेच झालं. सगळी मिळून हजाराच्या आत असलेल्या हरणांपैकी १३५ गेली, त्यात नर जास्त, कारण नेमका माजाचा हंगाम होता आणि नर एकमेकांना शिंगांनी फाडत होते. तिथे पावात औषध घालून हरणांना खाऊ घातलं आणि प्रयोगशाळेत वाढवून नसबंदी केलेल्या कोट्यवधी माश्या सोडल्या. मादी आयुष्यात एकदाच जुगते, जोडीदार वांझ निघाला की अंडी फुकट. मार्च २०१७ मध्ये ती साथ संपल्याचं जाहीर झालं. पण माशी जगातून गेलेली नाही, २०२३ पासून मध्य अमेरिकेतून उत्तरेकडे सरकत २०२४ च्या शेवटी मेक्सिकोत पोचली.

म्हणून बातमीत 'अळ्या दिसल्या की हरीण मारून टाका' असं एका वाचकाचं मत तुम्ही बिनदिक्कत छापलंत ते मला खटकलं. नाकातून शिंकेबरोबर अळी पडली तर हरणाला त्याच्या वाटेने जाऊ द्या, स्वतःच्या मनाने औषध घालून चारा ठेवू नका. जखमेत वळवळताना दिसल्या तर हात न लावता लांबून फोटो काढा आणि जागा लक्षात ठेवून त्याच दिवशी वनखात्याला नाहीतर सरकारी जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. दुरुस्ती छापाल तेव्हा फक्त मजकूर बदलून भागणार नाही, दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी द्या आणि ते हेडिंग तेवढं ऑनलाइनवरूनही काढा, लोक तेच फॉरवर्ड करतायत.

आपला,
एक वाचक